गिझर किती लिटरचा? आधी बादली लावा, घड्याळ बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिंहगड रोडला पाच मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर २ बीएचके घेतलाय. घरात तुम्ही दोघं, शाळेत जाणारा मुलगा आणि सासूबाई. बाथरूम दोन, सगळ्यांच्या आंघोळी सकाळी साडेसहा ते आठच्या आत. मोठ्या टाकीचा गिझर नको, इन्स्टंट हवा. एका दुकानात १ लिटरचा पुरेल म्हणाले, दुसऱ्यात ३ लिटरचा घ्या म्हणाले, तिसऱ्याने ६ लिटरचा गॅस गिझर पुढे केला. मग नेमका किती लिटरचा घ्यायचा?

मी बावीस वर्षं पुण्यात नळाची आणि गिझरची कामं करतोय. दिवाळीच्या आठ दिवस आधी फोन सुरू होतात ते संक्रांतीपर्यंत थांबत नाहीत, आणि दहातल्या आठ फोनांवर हाच प्रश्न असतो. तुम्हाला तिघांनी तीन आकडे सांगितले, पण तिघांपैकी कुणी खोटं बोललं नाही. ते वेगवेगळ्या लिटरांबद्दल बोलत होते, एवढंच.

टाकीच्या गिझरवर १५ लिटर लिहिलेलं असतं तो साठा. विजेच्या इन्स्टंटवर १ किंवा ३ लिटर लिहितात तोही साठाच, पण वाटीभर. नळ सोडल्यावर मिनिट-दीड मिनिटात तो संपतो. त्यापुढे जे पाणी येतं ते आतला एलिमेंट धावत्या पाण्याला जेवढं तापवू शकेल तेवढंच. १ लिटरच्या आणि ३ लिटरच्या, दोन्ही गिझरांत एलिमेंट ३ किलोवॅटचाच असेल (बाजारात बहुतेक तोच असतो), तर पहिल्या दोन-चार तांब्यांपुरता फरक, पुढे दोघं सारखेच. गॅस गिझरवरचे ६ लिटर मात्र मिनिटाचे असतात. दर मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवीन, असा त्याचा अर्थ. त्याच्या पोटात साठा जवळजवळ नसतोच.

म्हणून दुकानात लिटर विचारू नका, किलोवॅट विचारा. आणि एक हिशोब पाठ करून ठेवा: १ किलोवॅटची ताकद मिनिटाला १ लिटर पाणी साधारण १४ अंशांनी तापवते. कंपनी कुठलीही असो, जाहिरातीत कुणीही असो, हा आकडा बदलत नाही, कारण तो पाण्याचा गुण आहे. ३ किलोवॅटचा गिझर म्हणजे ३ गुणिले १४, बेचाळीस. हे ४२ तुम्ही हवे तसे वाटून घ्या: मिनिटाला १ लिटर ४२ अंशांनी, २ लिटर २१ अंशांनी किंवा ४ लिटर साडेदहा अंशांनी. ६ लिटरच्या गॅस गिझरचे ६ गुणिले २५, म्हणजे १५०. ३ लिटरचा आणि ६ लिटरचा यांत दुपटीचा फरक वाटतो, प्रत्यक्षात तो साडेतीन पटीचा आहे.

आता पुण्यात पाणी किती अंशांनी तापवावं लागतं ते बघू. जानेवारीत पहाटे शिवाजीनगरला पारा १० च्या आसपास उतरतो, पण गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हवेइतकं गार होत नाही. माझ्या पिशवीत थर्मामीटर असतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातच्या सुमाराला नळाचं पाणी मला बहुतेक ठिकाणी १७ ते १९ दाखवतं. अंगावर घ्यायचं पाणी ४० धरा. सासूबाईंना ४२ लागेल, मुलाला ३८ पुरेल. म्हणजे ऐन थंडीत २२ अंशांची वाढ. पावसाळ्यात १५-१६. एप्रिल-मेमध्ये काळ्या टाकीतलं पाणी दुपारी तसंही हात भाजेल असं येतं. त्यामुळे कुणी मे महिन्यात राहायला येऊन ‘आमचा १ लिटरचा काय मस्त चालतो’ म्हणाला, तर त्याला जानेवारीत परत विचारा.

बादलीचं गणित आधी करू, कारण तुमच्याकडे निदान सासूबाई तरी बादलीने आंघोळ करत असणार. घरातली बादली काठोकाठ नाही तर बेताची भरली की १८ लिटर धरा. १८ गुणिले २२ म्हणजे ३९६. त्याला गिझरच्या आकड्याने भागा. ३ किलोवॅटच्या इन्स्टंटला बादली भरायला साडेनऊ मिनिटं लागतील. ४.५ किलोवॅटच्याला सव्वासहा. ६ लिटरच्या गॅस गिझरला अडीच मिनिटांच्या किंचित वर. पुष्कळ जण मला म्हणतात, आम्ही गिझरमधून कडक पाणी घेतो आणि वरून गार मिसळतो, मग बादली लवकर भरेल ना? नाही भरत. कडक पाणी हवं तर नळ बारीक करावा लागतो. जेवढी गरमी आत गेली तेवढीच बाहेर येणार, ती आधी मिसळा की नंतर. उलट नळ फार बारीक केला की गिझर वाफ मारतो, कटआउट (फार तापल्यावर वीज तोडणारा स्विच) उडतो आणि तुम्ही डोक्याला साबण लावून मला फोन करता.

साडेनऊ मिनिटांची बादली चार माणसांना परवडते का? माझं म्हणणं, परवडते, पण शिस्तीत. एकाची आंघोळ संपेपर्यंत दुसऱ्याची बादली भरत नाही, कारण नळ एकच. साडेसहाला सुरुवात केली तर माणशी भरणं आणि आंघोळ धरून वीस मिनिटं, म्हणजे आठ वाजले. मध्ये कुणाला केस धुवायचे असले की शाळेची व्हॅन गेलीच. तुमच्याकडे दोन बाथरूम आहेत हे बरं, पण दोन्हीकडे ३ किलोवॅटचे इन्स्टंट लावून दोन्ही एकदम चालवले तर २६ अँपिअर एवढ्यातच गेले. वर स्वयंपाकघरात मिक्सर, इस्त्री, इंडक्शन.

शॉवरचं काय, हे तुमच्या घरी बघितल्याशिवाय कुणी सांगू नये. शॉवरखाली बादली ठेवा, नेहमी सोडता तेवढाच सोडा आणि मोबाइलवर एक मिनिट लावा. मग लिटरच्या मापाने किंवा एक लिटरच्या बाटलीने मोजा. हातात धरायचा शॉवर ५-६ लिटर देतो, साधा भिंतीवरचा ७-८, आणि हल्ली बिल्डर लावतात ती डोक्यावरची ताटाएवढी चकती १२-१५ लिटर सहज ओतते. ७ लिटरचा साधा शॉवर धरला तरी ७ गुणिले २२, म्हणजे १५४. विजेवर हे करायचं तर ११ किलोवॅट लागतील, म्हणजे ४८ अँपिअर. पुष्कळ फ्लॅटांत अख्ख्या घराचा मुख्य एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) ४० अँपिअरचा असतो. परदेशातले व्हिडिओ बघून लोक मला विचारतात की तिकडे भिंतीवर एवढासा डबा लावून सगळं घर चालतं, मग आपल्याकडे का नाही? तिकडचा तो डबा १८, २४, २७ किलोवॅटचा असतो आणि त्याला तशी जाड वायर मुळातच घातलेली असते. तो डबा इथे आणून लावला तर आधी तुमचा मीटर जाईल, मग सोसायटीचे चेअरमन येतील.

थोडक्यात, पुण्यातल्या सिंगल फेजच्या फ्लॅटमध्ये विजेचा इन्स्टंट हे बादलीचं आणि भांड्यांचं यंत्र आहे. शॉवरसाठी बिनटाकीचं हवं असेल तर गॅसच. आणि गॅस लावायला तुमच्या घरात योग्य जागा नसेल तर टाकीचा गिझर. तुम्हाला तो नको आहे हे मी वाचलं, तरी सांगतो: १५ लिटरच्या टाकीत पाणी ६० अंशांपर्यंत तापलं की गार मिसळून ४० अंशांचं २८ लिटर होतं. प्रत्यक्षात शेवटचं पाणी कोमट येतं म्हणून २४-२५ धरा. हाताच्या शॉवरखाली चार-पाच मिनिटांची आंघोळ, आणि दुसऱ्या माणसाने २ किलोवॅटच्या एलिमेंटला वीस-बावीस मिनिटं द्यायची. २५ लिटरचा घेतला तर लागोपाठ दोघांचं होतं. बिचारा फक्त ९ अँपिअर घेतो, साध्या गिझर पॉइंटवर चालतो. त्याला जुनाट म्हणून हिणवण्यासारखं काही नाही.

वायरिंगबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे मी स्वतः मार खाल्लाय. काम सुरू करून दोनच वर्षं झाली होती. कोथरूडला एका आजींकडे बादली लवकर भरत नाही म्हणून मी ३ चा काढून ४.५ किलोवॅटचा इन्स्टंट लावला. पॉइंट होता १६ अँपिअरचा, वायर अडीच चौरस मिलिमीटरची. ४.५ किलोवॅट म्हणजे जवळजवळ २० अँपिअर, हा साधा भागाकार मी केला नव्हता. चालू करून दाखवला, पाणी झकास आलं, पैसे घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन. जाऊन बघतो तर प्लगची एक पिन सॉकेटमध्ये चिकटून बसलेली, प्लास्टिक वितळून खाली ओघळलेलं, टाइलवर हातभर काळा डाग. आजी शांतपणे म्हणाल्या, “अरे, पाणी तापवायला सांगितलं होतं, भिंत नाही.” नवा पॉइंट मी माझ्या पैशांनी करून दिला.

तेव्हा ३ किलोवॅटला १३ अँपिअर: अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि चांगल्या प्रतीचा १६ चा सॉकेट चालतो. ४.५ ला प्लग-सॉकेट नकोच. ४ ची वायर थेट डीबीपासून (घरातले सगळे एमसीबी असतात त्या पेटीपासून), वेगळा २५ चा एमसीबी आणि ३२ अँपिअरचा डीपी स्विच (दोन्ही तारा एकदम तोडणारा). ६ किलोवॅटचा कुणी सुचवला तर ६ ची वायर आणि ३२ चा एमसीबी लागेल, आणि मग महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ (घराला एका वेळी किती किलोवॅट घ्यायची परवानगी आहे तो आकडा) किती छापलाय ते आधी बघा. तो २-३ किलोवॅट असेल तर भार वाढवून घ्यावा लागेल. इमारत ऐंशीच्या दशकातली असेल तर वायर ॲल्युमिनियमची निघण्याची शक्यता असते. तिच्यावर ३ किलोवॅटसुद्धा मी लावत नाही. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज अंगात किंवा पाण्यात गळू लागली की लगेच तोडणारा स्विच) डीबीत नसेल तर गिझरच्या आधी तो. इन्स्टंटमध्ये एलिमेंट आणि तुमच्या अंगावरचं पाणी यांत फारसं अंतर नसतं.

व्होल्टेजचंही एक आहे. शहराच्या कडेला सकाळी सगळ्यांचे गिझर आणि पंप लागले की व्होल्टेज २०० पर्यंत उतरतं. तेव्हा ३ किलोवॅटचा गिझर ३ चा राहत नाही, सव्वादोनचा होतो, आणि साडेनऊ मिनिटांची बादली साडेबारा मिनिटांवर जाते. गिझर खराब झाला म्हणून लोक बदलतात, नवाही तसाच वागतो.

आता गॅस गिझर. तुम्हाला ६ लिटरचा सांगितला तो आकडा एका शॉवरला बरोबर आहे: १५० भागिले २२, मिनिटाला पावणेसात लिटर. दोन बाथरूमांत एकाच वेळी दोन शॉवर चालवायचे असतील तर तो अपुरा पडेल आणि १० लिटरचाही जेमतेम पुरेल. पण चार माणसांच्या घरात दोन शॉवर अगदी एकाच मिनिटाला किती वेळा चालतात? पाहुणे आले की. आणि नरक चतुर्दशीला, जेव्हा पहाटे पाचला सगळ्यांनाच उटणं लावून पहिल्या फटाक्याआधी बाहेर यायचं असतं. त्या एका पहाटेसाठी मोठं यंत्र घेऊ नका. मोठा बर्नर पेटायलाच जास्त पाणी आणि जास्त दाब मागतो, मग वर्षभर हात धुवायला नळ बारीक सोडला की तो पेटतच नाही.

आकडा बरोबर असला तरी जागा चुकली तर मी गॅस गिझर लावत नाही. आपल्याकडे बाथरूम म्हणजे ४ बाय ७ फूट. उंची ८ धरली तर आत सव्वासहा घनमीटर हवा मावते. ६ लिटरचा गिझर पंधरा मिनिटं चालला तर पाव किलो गॅस जाळतो आणि त्यासाठी तीन घनमीटरच्या वर हवा खातो. म्हणजे दार लावून एका माणसाने निवांत आंघोळ केली की बाथरूममधल्या निम्म्या हवेइतकी हवा बर्नरने वापरली. हवा कमी पडली की ज्योत निळीची पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅस गळला तर वास येतो, याला वासही नसतो आणि रंगही. चक्कर येते, पाय गळतात, कडी काढायचं भान राहत नाही. दर थंडीत अशा बातम्या येतात.

पाच-सहा वर्षांपूर्वी एका घरी फक्त सर्व्हिसिंगला गेलो होतो. गिझर बाथरूमच्या आत, शॉवरच्या उजव्या हाताला. खिडकीला काचेच्या आडव्या पट्ट्या होत्या, त्या बिल्डरने हवेसाठीच ठेवलेल्या. थंडी लागते म्हणून घरच्यांनी सगळ्या पट्ट्यांवर आतून वर्तमानपत्र चिकटवलं होतं, अगदी नीट, कडेला सेलोटेप लावून. त्या घरच्या बाई म्हणाल्या, मुलीला आंघोळीनंतर रोज डोकं दुखतं, चष्मा लागला असेल. मी सर्व्हिसिंग केलं नाही. गिझर उतरवला, गॅसचं तोंड बंद केलं आणि बाहेर लावायला जागा दाखवा म्हटलं. त्यांना राग आला. पंधरा दिवसांनी त्यांच्याच यजमानांनी फोन करून ड्राय बाल्कनीत (कपडे-भांडी धुवायच्या उघड्या गॅलरीत) बसवून घेतला.

तुमच्याकडेही ड्राय बाल्कनी असेलच, हल्लीच्या पुण्यातल्या फ्लॅटला असते. गिझर तिथे, उघड्या बाजूला, वाळत घातलेल्या कपड्यांपासून लांब. ती काचेने बंद करून घेतली असेल तर ती बाल्कनी राहिली नाही, खोली झाली. मग धूर बाहेर नेणारा पाइप असलेलं मॉडेल घ्या किंवा गॅसचा विचार सोडा. वीस मिनिटांनी आपोआप बंद होणारा आणि ऑक्सिजन कमी झाल्यावर विझणारा घ्या, पण त्या सोयी आहेत म्हणून आत लावू नका. घरात पाइपचा गॅस आला असेल तर त्यासाठीचाच गिझर मागा. सिलिंडरच्या गिझरची जेट वेगळी असतात, तो तसाच जोडून देणारा भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

बाल्कनीपासून बाथरूमपर्यंतची लांबी मोजा. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकच्या) पाइपमध्ये दर मीटरला पाव लिटर पाणी बसतं. १० मीटर पाइप म्हणजे दर वेळी अडीच लिटर गार पाणी आधी बाहेर येणार. बादलीत धरून ठेवलं तर फुकट जात नाही, पण बेसिनला तोंड धुवायला गरम पाणी हवं म्हणून कुणी नळ सोडला तर गरम येईपर्यंत तोंड धुऊन झालेलं असतं. अर्धा इंची पाइपमध्ये हेच निम्मं होतं, म्हणून एका बाथरूमची लाइन असेल तर मी अर्धाच इंच टाकतो.

पाण्याचा दाब हा पुण्यातला खास घोळ, कारण आपल्याकडे सगळा खेळ गच्चीवरच्या टाकीचा. दाब बारमध्ये मोजतात: टाकीपासून नळापर्यंत १० मीटर उंची म्हणजे १ बार. गॅस गिझर पेटायला पाव बारच्या आसपास दाब आणि अडीच-तीन लिटरचा प्रवाह लागतो. तुम्ही पाचातल्या चौथ्या मजल्यावर आहात. शॉवरपासून टाकीतल्या पाण्यापर्यंत सहा मीटर तरी मिळतील, काळजी नाही. तुमच्या वरचे पाचव्या मजल्यावरचे शेजारी मात्र दुकानात जाण्याआधी गच्चीवर जाऊन येवोत. धनकवडीला एका सर्वांत वरच्या मजल्यावर गिझर रोज साडेसहाला झकास पेटायचा आणि साडेसातला विझायचा. दोन मेकॅनिकांनी बॅटऱ्या बदलल्या, एकाने अख्खी पाण्याची असेंब्ली बदलली. मी गच्चीवर गेलो आणि टाकीचं झाकण उघडलं. साडेसातपर्यंत सगळी इमारत आंघोळ करून टाकी मीटरभर उतरलेली असायची, तेवढ्याने दाब पेटण्याच्या खाली जायचा. टाकीचा स्टँड उंच करायला सोसायटी तयार नव्हती, म्हणून त्या घरापुरता छोटा प्रेशर पंप बसवला. बाणेर-खराडीच्या वीस-पंचवीस मजली टॉवरमध्ये उलटी तऱ्हा: खालच्या मजल्यांवर दाब इतका की इन्स्टंटच्या साडेसहा बारच्या मर्यादेला भिडतो. तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह शाफ्टमध्ये आहे ना आणि चालतो ना, हे आधी विचारायचं.

गॅस गिझरचा एक धोका आकाराशीच जोडलेला आहे. त्याचे १५० तुम्ही ३ लिटरवर वाटले तर पाणी ५० अंशांनी तापतं, म्हणजे ६८. शॉवर चालू असताना कुणी स्वयंपाकघरात नळ सोडला आणि तुमच्याकडचा प्रवाह अर्धा झाला की साध्या मॉडेलमध्ये हेच होऊ शकतं. मुलाला आणि सासूबाईंना सांगून ठेवा: नळ चालू करून हात लावायचा, मग अंग. उन्हाळा-हिवाळ्याचं बटण असतं ते फिरवायचं असतं, शोभेचं नाही. पाण्याच्या प्रवाहाप्रमाणे ज्योत लहान-मोठी करणारं मॉडेल परवडत असेल तर घ्या, पैसे तिथे घातलेले बरे. सोसायटीत सोलरचं पाणी एका बाथरूमला येत असेल तर ते गिझरच्या इनलेटला परस्पर जोडू नका. ४० अंशांचं पाणी आत गेलं तर ६५ चं बाहेर येईल.

पाणी कुठलं येतं तेही सांगा असं मी नेहमी विचारतो आणि लोकांना वाटतं मी गप्पा मारतोय. खडकवासल्याचं, महापालिकेचं पाणी मऊ आहे, त्यावर गिझर वर्षानुवर्षं चालतो. बोअरचं किंवा टँकरचं असेल तर क्षार. विजेच्या एलिमेंटवर क्षाराचा थर बसला तरी गरमी पाण्यातच जाते, पण एलिमेंट आतून तापून जळतो. गॅस गिझरमध्ये उलट: नळीत थर बसला की गरमी धुराबरोबर वर निघून जाते, ६ लिटरचा गिझर ४ लिटरचं काम करायला लागतो आणि गॅस तेवढाच जातो. सिंहगड रोडला मार्चनंतर टँकर लागतात का, हे सोसायटीच्या वॉचमनला विचारा, त्याला नक्की माहीत असतं. लागत असतील तर दरवर्षी दिवाळीआधी सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने नळी धुऊन घ्या. आणि गुरुवारी पाणी बंद असलं की दुसऱ्या दिवशी सकाळी आधी नळ सोडा, हवा फुसफुसून जाऊ द्या, धार सलग झाली की मगच बटण दाबा. शुक्रवारी जळालेले एलिमेंट मी पुष्कळ बदललेत.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाही, तरी पुढचा प्रश्न तोच असणार. १८ लिटरच्या थंडीतल्या बादलीला विजेवर सुमारे ०.४६ युनिट लागतं. गॅसवर ४३ ग्रॅमच्या आसपास. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमध्ये इकडचं तिकडचं सांडून ३०० बादल्या धरा. तेवढ्याच बादल्यांना वीज १४० युनिट. आता एका सिलिंडरचे तुम्ही किती देता आणि तुमच्या बिलातल्या शेवटच्या, सगळ्यांत महाग स्लॅबने १४० युनिटांचे किती होतात ते मांडा. सरासरी दर घेऊ नका, गिझरचे युनिट नेहमी वरच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतात.

तर तुमच्या घरात मी काय लावीन? ड्राय बाल्कनी खरोखर उघडी असेल आणि बाथरूमची भिंत तिथून सात-आठ मीटरच्या आत असेल, तर ६ लिटरचा गॅस गिझर, त्याच्यावर एकच बाथरूम, ज्यात शॉवर आहे ते. ती डोक्यावरची चकती असेल तर काढून ६ लिटरचा हातशॉवर लावीन, नाहीतर पुन्हा १० लिटरच्या गिझरची चर्चा सुरू होईल. सासूबाईंच्या बाथरूमला ३ लिटरचा, ३ किलोवॅटचा विजेचा इन्स्टंट. त्यांची बादली सहा वाजताच भरायला लावायची, तोवर त्यांचा चहा होतो. ४.५ चा मोह नको, जोपर्यंत वायरमन डीबी उघडून ४ ची वायर दाखवत नाही. स्वयंपाकघराच्या सिंकखाली १ लिटरचा बसतो, पण तो थंडीतल्या तुपकट भांड्यांपुरता. लगेच घ्यायलाच हवा असं नाही. बाल्कनी काचेने बंद असेल तर गॅस विसरा आणि शॉवरच्या बाथरूमला २५ लिटरचा टाकीचा गिझर लावा, तुम्हाला नको असला तरी.

दुकानात जाण्याआधी तीन आकडे कागदावर लिहून न्या: शॉवर मिनिटाला किती लिटर देतो, बिलावर मंजूर भार किती आहे, आणि गिझरच्या जागेपासून बाथरूमच्या नळापर्यंत किती मीटर. ‘फ्री इन्स्टॉलेशन’ म्हणतील त्यात बहुधा जोडणीचे पाइप आणि अँगल कॉक नसतात, ते आधीच विचारून घ्या. आणि जोडपाइप स्टीलच्या जाळीचे घ्या. पांढरे प्लास्टिकचे दोन हिवाळ्यांत कडक होऊन नटापाशी चिरतात, तेही बहुतेक घरात कुणी नसताना.